कृष्णवर्णीयांची प्रतिमा : भांडण चुकीच्या जागी

परीकथेवर बेतलेल्या एखाद्या बड्या हॉलिवूडपटात नायिका म्हणून कृष्णवर्णीय अभिनेत्री निवडली गेली, की वाद पेटायला वेळ लागत नाही. २०२२ साली जलपरीच्या गोष्टीवरील चित्रपटाची पहिली झलक आली तेव्हा हेच झाले, आणि त्या वादात आपल्याकडचे लोकही हिरिरीने उतरले. एका बाजूचे म्हणणे असे, की पडद्यावर कृष्णवर्णीय चेहऱ्यांची संख्या वाढली पाहिजे आणि ते चेहरे डॉक्टर, न्यायाधीश, राजकन्या अशा मानाच्या रूपांत दिसले पाहिजेत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की कलेत असला हिशेब शिरला की कला संपते. ज्याला जी भूमिका शोभेल ती त्याला द्यावी आणि वर्णाचा विषय सोडून द्यावा. आपण अगदी विरुद्ध टोकांना उभे आहोत असे या दोघांनाही वाटते, पण दोघांची नजर एकाच ठिकाणी, म्हणजे पडद्यावर खिळलेली आहे. माझे मत असे आहे, की अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चित्रणाचा प्रश्न सुटतो किंवा अडतो तो पडद्यामागे. चित्र चांगले की वाईट हा दुसरा प्रश्न. ते चित्र काय असावे हे कोण ठरवतो, ते लोकांपर्यंत पोहोचवण्याचे साधन कोणाच्या मालकीचे आहे आणि त्यातून येणारा पैसा कोणाच्या खिशात जातो, हा पहिला प्रश्न आहे. हा पहिला प्रश्न बाजूला ठेवून जेव्हा जेव्हा दुसऱ्यावर भांडण झाले, तेव्हा तेव्हा कृष्णवर्णीयांच्या पदरी फारसे काही पडलेले नाही.

या भांडणाचा सर्वांत बोलका नमुना हॅटी मॅकडॅनियल यांच्या आयुष्यात सापडतो. २९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलात ऑस्करचा समारंभ झाला आणि 'गॉन विथ द विंड'मधील मॅमी या दासीच्या भूमिकेसाठी मॅकडॅनियल यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. कृष्णवर्णीय कलावंताला मिळालेला तो पहिला ऑस्कर. त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. निर्मात्याने रदबदली केली तेव्हा कुठे त्यांना आत घेण्यात आले, आणि बसायला मिळाले ते सहकलाकारांच्या टेबलापासून दूर, भिंतीलगतच्या एका लहानशा टेबलाशी. त्याआधी डिसेंबरमध्ये अटलांटा शहरात चित्रपटाचा पहिला खेळ झाला तेव्हाही तिथल्या वर्णभेदी कायद्यांमुळे त्यांना जाता आले नव्हते. खरा पेच पुढे उभा राहिला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ पासून लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे प्रमुख वॉल्टर व्हाइट यांनी हॉलिवूडच्या दारी जाऊन मागणी लावून धरली, की आमच्या लोकांना सतत मोलकरणी आणि हुजरे म्हणून दाखवणे बंद करा. मॅकडॅनियल यांना हा आपल्या पोटावर आणलेला पाय वाटला. खरीखुरी दासी होऊन आठवड्याला सात डॉलर मिळवण्यापेक्षा दासीची भूमिका करून सातशे मिळवलेले काय वाईट, अशा आशयाचे त्यांचे उत्तर प्रसिद्ध आहे.

या दोघांत बरोबर कोण होते? मला दोघांचेही दुःख खरे वाटते आणि दोघांचीही कोंडी सारखीच वाटते. व्हाइट भूमिका नाकारू शकत होते, मॅकडॅनियल ती स्वीकारू शकत होत्या. ती लिहिण्याची सोय मात्र दोघांपैकी कोणाकडेही नव्हती. स्टुडिओ, पटकथा, वितरण आणि चित्रपटगृहे यांपैकी एकाही ठिकाणी त्यांच्या समाजाचा शब्द चालत नव्हता. म्हणून भांडण झाले ते आपापसांत, आणि निर्णय घेणारे बाजूला उभे राहून ते पाहत राहिले. याच मॅकडॅनियल यांच्याविषयी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. लॉस एंजेलिसच्या ज्या वस्तीत त्यांनी घर घेतले होते, तिथल्या काही गोऱ्या रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली, कारण त्या भागातील घरे कृष्णवर्णीयांना विकायची नाहीत असे जुने करार होते. मॅकडॅनियल आणि त्यांचे कृष्णवर्णीय शेजारी तो खटला नेटाने लढले आणि १९४५ साली जिंकले. तीन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने असे करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निकाल देशभरासाठी दिला. कायद्याशी टक्कर देऊन आपल्या घराचा उंबरठा राखणारी ही बाई कोणत्याही पटकथाकाराला हाती लागली असती. हॉलिवूडने तिला आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातच राबताना दाखवले.

नुसती वाईट प्रतिमा हटवून काय होते, याचा धडा पुढच्याच दशकात मिळाला. 'एमॉस अँड अँडी' ही मालिका १९२८ पासून रेडिओवर गाजत होती. तिच्यातील दोन भोळसट, अर्धवट कृष्णवर्णीयांचे आवाज दोन गोरे नट काढत असत. १९५१ साली ती कृष्णवर्णीय कलाकारांना घेऊन दूरचित्रवाणीवर आली, एनएएसीपीने तिच्याविरुद्ध जोरदार आघाडी उघडली आणि १९५३ मध्ये तिची निर्मिती थांबली. तो विरोध योग्यच होता. पण त्या मालिकेने रिकामी केलेली जागा कोणाला मिळाली? १९५६च्या नोव्हेंबरमध्ये नॅट किंग कोल या लोकप्रिय गायकाचा स्वतःचा कार्यक्रम एनबीसी वाहिनीवर सुरू झाला. पडद्यावर त्याहून सभ्य, त्याहून देखणी कृष्णवर्णीय प्रतिमा शोधून सापडली नसती. मोठमोठे कलावंत नाममात्र मानधनावर येऊन गेले. तरीही वर्षभरात कार्यक्रम गुंडाळावा लागला, कारण देशपातळीवरील एकही जाहिरातदार त्याला मिळाला नाही. दक्षिणेकडील गोरे ग्राहक बिथरतील ही भीती कंपन्यांना होती. 'मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूला अंधाराची भीती वाटते,' असे जाहिरातदारांच्या त्या रस्त्याविषयी कोल म्हणाले, आणि त्यांच्या तोंडी ते बोल झोंबरे होते. प्रेक्षकांना जे हवे तेच बाजार देतो, असे ज्यांचे म्हणणे आहे त्यांनी या कार्यक्रमाकडे नीट पाहावे. इथे प्रेक्षकांनी निकाल दिलाच नाही. निकाल दिला तो न आलेल्या तक्रारींच्या धाकाने, आणि तो देणारे लोक एका शहरातल्या एका रस्त्यावरच्या कचेऱ्यांत बसलेले होते.

इथे माझ्या विरोधातील सर्वांत वजनदार मुद्द्याला सामोरे जायला हवे. प्रतिमेचा प्रश्न दुय्यम म्हणणे हा दुरून केलेला शहाणपणा आहे, असे कोणी म्हणेल. वाईट प्रतिमेने माणसे मेली आहेत, तुरुंगात गेली आहेत. हे पूर्णपणे खरे आहे. १९१५ साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या चित्रपटाने कृष्णवर्णीय पुरुषाला गोऱ्या स्त्रियांच्या मागे लागलेला पशू म्हणून रंगवले आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेच्या घोडेस्वारांना तारणहार ठरवले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जॉर्जिया राज्यातील स्टोन माउंटनवर क्लॅनची पुन्हा स्थापना झाली आणि तिने तो चित्रपट सभासद मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे वापरला. १९८६ साली 'क्रॅक' या स्वस्त कोकेनच्या बातम्यांनी अमेरिकेतील पडदे भरून गेले होते, त्या बातम्यांत चेहरे बहुतेक गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांतले होते, आणि त्याच वर्षी झालेल्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकला ५०० ग्रॅम पूड कोकेनइतकीच, म्हणजे किमान पाच वर्षांची सक्तीची शिक्षा ठरवली. एकास शंभर हे प्रमाण २०१० पर्यंत टिकले आणि तेव्हाही ते एकास अठरावर आले, एकास एकवर नाही. वस्तुतः पदार्थ एकच. एकाचे चित्र वेगळे आणि दुसऱ्याचे वेगळे. म्हणून चांगल्या प्रतिमेची मागणी करणारे लोक मला उथळ वाटत नाहीत. ती मागणी जिवाच्या आकांतातून आलेली आहे.

माझा मतभेद उपायापाशी आहे. वाईट चित्र तयार होते ते कोणत्या तरी खोलीत, कोणाच्या तरी टेबलावर. जून १९९४ मध्ये खुनाच्या आरोपाखाली अटक झालेले प्रसिद्ध कृष्णवर्णीय फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र अमेरिकेतील दोन मोठ्या साप्ताहिकांनी एकाच आठवड्यात मुखपृष्ठावर छापले. 'न्यूजवीक'ने ते होते तसे छापले. 'टाइम'च्या मुखपृष्ठावर तोच चेहरा अधिक काळा, कडा अंधारात बुडालेल्या आणि दाढीचे खुंट गडद असा दिसला. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन अंकांनी जो पुरावा दिला, तो कोणत्याही भाषणाने दिला नसता. त्या मागे वर्णद्वेषाचा हेतू नव्हता असा खुलासा 'टाइम'च्या संपादकांनी केला आणि तो मी खरा मानायला तयार आहे. पण मग प्रश्न अधिकच टोकदार होतो. हेतू नसताना असे घडले, याचा अर्थ ते मुखपृष्ठ छपाईला जाईपर्यंत ज्या ज्या हातांतून गेले, त्यांपैकी ते थांबवू शकेल अशा एकालाही त्यात खटकण्यासारखे काही दिसले नाही. १९६७च्या दंगलींनंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ मध्ये हेच नोंदवले होते. देशातील वृत्तसंस्थांच्या संपादकीय विभागांत कृष्णवर्णीय पाच टक्क्यांहूनही कमी आहेत, संपादक आणि पर्यवेक्षकांत एक टक्क्याहूनही कमी, आणि त्या एक टक्क्यातलेही बहुतेक कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या संस्थांत आहेत, असे त्या अहवालात आहे. गोऱ्यांच्या जगाच्या खिडकीतून दिसेल तेवढेच छापले जाते, हा त्याचा निष्कर्ष या आकड्यांवर उभा होता.

मालकी आणि नियंत्रण यांचा प्रश्न हाती घेतल्यावर काय होऊ शकते, हे पाहायचे तर मिसिसिपी राज्याच्या राजधानीतील, जॅक्सनमधील, डब्ल्यूएलबीटी या दूरचित्रवाणी केंद्राचा इतिहास पाहावा. तो मला या साऱ्या वादातला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि आश्चर्य म्हणजे वादात तो फार थोड्या वेळा येतो. या केंद्राच्या प्रक्षेपण क्षेत्रात सुमारे ४५ टक्के लोक कृष्णवर्णीय होते आणि केंद्राचा व्यवस्थापक वर्णभेदाचा उघड पुरस्कार करणाऱ्या संघटनेचा सभासद होता. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कार्यक्रमात नागरी हक्कांचा विषय निघाला, की जॅक्सनच्या पडद्यावर पाटी झळकत असे : 'क्षमस्व, केबलमध्ये बिघाड.' १९५५ साली थर्गुड मार्शल, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले, एनबीसीवर बोलायला आले तेव्हा जॅक्सनकरांना मार्शल दिसले नाहीत, पाटी दिसली. इथे वाईट प्रतिमेचा प्रश्नच नव्हता, प्रतिमाच नव्हती. माणूस बोलत होता आणि एक हात खटका बंद करत होता.

मे १९६३ मध्ये जॅक्सनच्या महापौरांनी दूरचित्रवाणीवरून शहराचे गुणगान गायले. एनएएसीपीचे तेथील कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांनी नियमांवर बोट ठेवून उत्तरासाठी तेवढाच वेळ मागितला आणि बऱ्याच ओढाताणीनंतर २० मे रोजी त्यांना १७ मिनिटे मिळाली. त्या १७ मिनिटांत त्यांनी जे सांगितले ते आज वाचतानाही अंगावर येते. जॅक्सनमधला कृष्णवर्णीय माणूस दूरचित्रवाणीवर आफ्रिकेतल्या नव्या स्वतंत्र देशांच्या बातम्या पाहतो, असे ते म्हणाले. काँगोतला माणूस रेल्वेचे इंजिन चालवू शकतो हे त्याला दिसते, आणि इथे स्वतःच्या गावात त्याला कचऱ्याची गाडीसुद्धा चालवू देत नाहीत. महापौरांनी ज्या सुंदर, प्रेमळ, प्रगतिशील शहराचे वर्णन केले, त्या शहराच्या सभागृहात त्याला प्रवेश नाही, त्याच्या वर्णाचा एकही पोलीस तिथे नाही. मिसिसिपीतील अनेक घरांनी आपल्याच राज्यातला एक कृष्णवर्णीय नागरिक, सूट घालून, शांतपणे, एकही शब्द न चढवता बोलताना त्या दिवशी प्रथमच पाहिला असेल. १२ जूनच्या मध्यरात्री एव्हर्स घरी परतले आणि अंगणात गाडीतून उतरताच त्यांना पाठीमागून गोळी घालण्यात आली.

पुढे जे घडले ते चळवळींच्या इतिहासात कायमचे शिकण्यासारखे आहे. युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या ख्रिस्ती संप्रदायाच्या संपर्क विभागाचे प्रमुख एव्हरेट पार्कर यांनी १९६४ साली स्वयंसेवकांकरवी केंद्राच्या कार्यक्रमांची आठवडाभर गुपचूप नोंद करवून घेतली, स्थानिक कृष्णवर्णीय नेत्यांना बरोबर घेतले आणि केंद्राचा परवाना नव्याने देऊ नये अशी मागणी केंद्रीय दळणवळण आयोगाकडे केली. आयोगाचे उत्तर असे होते, की या प्रकरणात प्रेक्षकांना पक्षकार होण्याचा अधिकारच नाही. तक्रार करायची तर ज्याचे आर्थिक नुकसान झाले आहे अशा दुसऱ्या केंद्राने करावी. १९६६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. प्रक्षेपणाच्या लहरी जनतेच्या आहेत, म्हणून ऐकणारे आणि पाहणारे हेही पक्षकार आहेत, असा त्याचा अर्थ होता. आयोगाने तरीही परवाना दिला तेव्हा १९६९ मध्ये न्यायालयाने तो रद्दच करायला लावला. केंद्र तात्पुरते एका ना-नफा संस्थेच्या हाती गेले, जिच्या कारभारात गोरे आणि कृष्णवर्णीय दोघेही होते, आणि १९७२ मध्ये विल्यम डिल्डे यांची महाव्यवस्थापक म्हणून नेमणूक झाली. ज्या खुर्चीवरून खटका बंद केला जात होता, त्या खुर्चीवर आता एक कृष्णवर्णीय माणूस बसला. पार्कर आणि त्यांच्या साथीदारांनी केंद्राकडे एखादी चांगली मालिका मागितली असती तर ती कदाचित लवकर मिळाली असती आणि पुढच्या हंगामात बंदही झाली असती.

चांगल्या-वाईटाचा निकष किती अपुरा आहे हे आणखी एका उदाहरणाने स्पष्ट होईल, आणि ते लिहिताना हात जड होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेत जमाव कृष्णवर्णीयांना झाडाला लटकवून मारत असे, आणि त्या प्रेतांची छायाचित्रे पोस्टकार्डांवर छापून विकली जात. ऑगस्ट १९५५ मध्ये शिकागोहून आलेल्या एमेट टिल या १४ वर्षांच्या मुलाला मिसिसिपीतील मनी या गावाजवळून पळवून नेऊन असेच हाल हाल करून मारण्यात आले. त्याची आई मॅमी टिल यांनी शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला, माझ्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे म्हणून. 'जेट' या साप्ताहिकाने आणि 'शिकागो डिफेंडर' या वृत्तपत्राने त्या विद्रूप झालेल्या चेहऱ्याची छायाचित्रे छापली. दोन्हींची मालकी कृष्णवर्णीयांकडे होती. गोऱ्यांच्या मुख्य वृत्तपत्रांनी ती छापली नाहीत. छिन्नविच्छिन्न कृष्णवर्णीय देह पोस्टकार्डावरही होता आणि 'जेट'मध्येही. पोस्टकार्डाने दहशत पसरवली. 'जेट'मधल्या छायाचित्राने एक पिढी उठवली. चित्रातला मजकूर तोच असताना अर्थ उलटा झाला, कारण दाखवण्याचा निर्णय आईचा होता आणि छापखाना तिच्या लोकांचा होता. 'सन्माननीय प्रतिमा' हा एकच निकष लावला असता तर हे छायाचित्र पहिल्याच चाळणीत अडकले असते.

याच्यावर दुसरा आक्षेप येतो आणि तोही कच्चा नाही. मालकी आपल्या माणसाकडे आली म्हणजे चित्र सुधारते का? रॉबर्ट जॉन्सन यांनी १९८० साली सुरू केलेली बीईटी ही वाहिनी कृष्णवर्णीयांच्या मालकीची होती, आणि तिने रात्रंदिवस जे संगीत व्हिडिओ दाखवले त्यांतले अनेक कृष्णवर्णीय स्त्रीला निव्वळ उघड्या देहाच्या रूपात दाखवणारे होते. पुढे तिची सुमारे तीनशे कोटी डॉलरला व्हायकॉम कंपनीला विक्री झाली आणि २००२च्या अखेरीस तिच्यावरचे चर्चेचे, बातम्यांचे जुने कार्यक्रम बंद करण्यात आले. आपल्या माणसाने आपल्याच लोकांना विकायला काढले, ही त्या समाजात अनेकांची भावना होती आणि ती मला खोटी म्हणता येणार नाही. मालकी पुरेशी असते असा माझा दावा नाही. ती आवश्यक आहे, आणि ती एकाच्या हाती नसून अनेकांच्या हाती असणे आवश्यक आहे. एकच वाहिनी, एकच धनाढ्य मालक आणि त्याच्यावर साऱ्या समाजाच्या अब्रूचा भार, ही स्थिती मॅकडॅनियल यांच्या स्थितीहून फार वेगळी नाही. २००४ साली अटलांटातील स्पेलमन या कृष्णवर्णीय महिला महाविद्यालयातील विद्यार्थिनींनी अशाच एका व्हिडिओवरून एका प्रसिद्ध रॅपरला जाब विचारायचे ठरवले. तो अस्थिमज्जा दानाच्या शिबिरासाठी महाविद्यालयात येणार होता. विद्यार्थिनींनी आधी व्हिडिओवर चर्चेची अट घातली आणि तो कार्यक्रम रद्द झाला. स्वतःच्या समाजातल्या श्रीमंत पुरुषाला जाब विचारणे सोपे नसते. त्यात चांगल्या कामात खोडा घातल्याचा ठपका येतो, घरचे भांडण चव्हाट्यावर आणल्याचा आरोप होतो. त्या मुलींकडे वाहिनी नव्हती, बोलायला कॉलेजचे आवार तेवढे होते. बीईटीच्या चुकीवरचा इलाज गोऱ्या मालकांच्या वाहिन्यांकडे परत जाणे हा नाही. त्या मुलींच्या हाती कॅमेरा आणि प्रक्षेपणाचे साधन येणे हा आहे.

कलेत गणित नको, या तिसऱ्या आक्षेपाशी मी बराचसा सहमत आहे. पात्रांची वर्णानुसार बेरीज करून चांगली कथा होत नाही, आणि अशा बेरजेने भरलेल्या कथांत कृष्णवर्णीय पात्राला बहुधा नायकाचा समजूतदार मित्र एवढेच काम उरते. पण गणित कोणी आधी सुरू केले? २०१५ आणि २०१६ अशी सलग दोन वर्षे अभिनयाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेले वीसच्या वीस कलावंत गोरे होते. हा गुणवत्तेचा निर्मळ निकाल आहे असे सांगणाऱ्यांनी मतदारांकडे पाहिले नव्हते. 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने २०१२ मध्ये केलेल्या पाहणीत मतदारांपैकी जवळजवळ ९४ टक्के गोरे आणि ७७ टक्के पुरुष आढळले होते. २०१६ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने सभासदत्वाची दारे रुंद करायला घेतली, आणि वादातली ती एकमेव कृती मला मुळाला हात घालणारी वाटते. नामांकनांची वाटणी करण्याचा मोह टाळून मतपत्रिका कोणाला मिळते, हे तिने बदलायला घेतले.

अलीकडचे उदाहरण कृष्णवर्णीय दिग्दर्शक रायन कूगलर यांचे. २०२५च्या एप्रिलमध्ये आलेल्या 'सिनर्स' या त्यांच्या चित्रपटात १९३२च्या मिसिसिपीतील दोन जुळे भाऊ जुनी लाकूडगिरणी विकत घेऊन तिथे आपल्या लोकांसाठी गाण्या-नाचण्याची जागा उभी करतात. या चित्रपटासाठी कूगलर यांनी वॉर्नर ब्रदर्सशी जो करार केला, त्यानुसार अंतिम संकलनाचा अधिकार त्यांचा, उत्पन्नात पहिल्या डॉलरपासून वाटा, आणि २५ वर्षांनी चित्रपटाची मालकी त्यांच्याकडे. कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या कथेवरचा चित्रपट आपल्या मालकीचा असावा, हे त्यांचे कारण होते. त्यावर अमेरिकेतील पत्रकारितेत चर्चा सुरू झाली ती या कराराने स्टुडिओ पद्धतच मोडकळीला येईल या भीतीची. चित्रपटाची मालकी पुढे आपल्याकडे येण्याचा असाच करार गोरे दिग्दर्शक क्वेंटिन टॅरँटिनो यांनी काही वर्षांपूर्वी केला होता तेव्हा जगबुडी झाली नव्हती. एका दिग्दर्शकाच्या कराराने समाजाचे चित्र बदलत नाही, हे मला मान्य आहे; शंभर कोटी डॉलरहून अधिक कमावणारा आधीचा एक चित्रपट पाठीशी असल्यामुळेच कूगलर ही अट घालू शकले आणि तेवढे बळ नव्या मुलामुलींकडे नसते. तरी घाबरणारे कशाला घाबरले, हे मला महत्त्वाचे वाटते. पडद्यावर कृष्णवर्णीय चेहरे असण्याला स्टुडिओवाले आता सरावले आहेत. कागदावर कृष्णवर्णीय मालकाचे नाव येणे त्यांना अजून पचत नाही.

मराठी वाचकाने या सगळ्यात का पडावे, असा प्रश्न येईल. आपले नाते जुने आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. आणि त्याहूनही जवळचा दुवा छापखान्याचा आहे. १८२७ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या, कृष्णवर्णीयांनी चालवलेल्या पहिल्या वृत्तपत्राने पहिल्याच अंकात लिहिले, 'आमची बाजू आम्हीच मांडू इच्छितो. फार काळ इतरच आमच्या वतीने बोलत आले आहेत.' ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' काढला तो याच निकडीतून. मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात, हे त्यांनी पहिल्या अंकात स्पष्ट लिहिले.

१९९६ साली केनेथ कूपर हे 'वॉशिंग्टन पोस्ट'चे कृष्णवर्णीय प्रतिनिधी दिल्लीत होते. एका बातमीच्या निमित्ताने त्यांना दलित पत्रकाराशी बोलायचे होते आणि त्यांना एकही सापडेना. त्यांनी ज्येष्ठ पत्रकार बी. एन. उनियाल यांना विचारले. उनियाल यांनी सरकारी अधिस्वीकृती मिळालेल्या ६८६ पत्रकारांची यादी चाळली, अनेकांना फोन केले आणि त्यांनाही एकही दलित पत्रकार सापडला नाही. त्यावर त्यांनी लिहिलेला लेख पुढे खूप गाजला. ही वस्तुस्थिती तेव्हा पन्नास वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. ती दिसली त्या माणसाला, ज्याच्या स्वतःच्या देशात कर्नर आयोगाने हाच प्रश्न संपादकांच्या तोंडावर टाकला होता आणि त्यामुळे ज्याच्यासाठी काही दारे उघडली होती. २०१९ मध्ये भारतातील वृत्तमाध्यमांच्या अशाच एका पाहणीत नेतृत्वाच्या १२१ पदांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे आढळली, अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नाही. अमेरिकेतील संपादकांच्या संघटनेने आपल्या वृत्तकक्षांत कोण काम करते याची गणना १९७८ पासून वर्षानुवर्षे केली आणि ती जाहीर केली. आकडे लाजिरवाणे होते तेव्हाही जाहीर केली. मराठी वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी आपापल्या संपादकीय विभागांची तशी गणना करून ती संस्थेच्या नावासह दरवर्षी प्रसिद्ध करावी, आणि तिची सुरुवात करायला कोणत्याही आयोगाची वाट पाहू नये.